कोलियसचं खत-पाणी आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलियस या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाबद्दल येणारे बहुतेक प्रश्न खताचे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर उजेडात, पाण्यात किंवा शेंडे खुडण्यात सापडतं. म्हणून खताबरोबर बाकीचंही इथे घेतलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नर्सरीवाले कोलियस म्हणतात, बियांच्या पाकिटावर सोलेनोस्टेमॉन लिहिलंय आणि मोबाइलवरचं ॲप प्लेक्ट्रँथस सांगतं. झाड एकच की तीन?

एकच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कुळाच्या आतला याचा गट (जीनस) ठरवताना नावं बदलली आणि २०१९ मध्ये पुन्हा कोलियस हेच नाव स्वीकारलं. बाजारात मात्र तिन्ही नावं फिरत राहिली. हे झाड तुळशीच्या कुळातलं. खोड बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल, आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. आपल्याकडचा पानओवा आणि लोणच्यासाठी वापरतात ते माईनमूळ हेही याचेच जवळचे नातेवाईक. मूळचं घर आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया, म्हणजे उबदार, दमट हवा आणि झाडांखालचा गाळीव उजेड. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर बेतलेली आहेत.

२. बाल्कनीत ठेवू की घरात? ऊन किती लागतं?

उजेड भरपूर, दुपारचं ऊन नको. सकाळचं दोन ते चार तासांचं कोवळं ऊन मिळालं की रंग सगळ्यात छान खुलतात, त्यामुळे पूर्वेकडची बाल्कनी किंवा खिडकीची ग्रिल उत्तम. पश्चिमेकडची बाल्कनी असेल तर मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. घराच्या आत टीव्हीशेजारी, कोपऱ्यातल्या टेबलावर हे झाड जगतं, पण शोभत नाही. आत ठेवायचंच असेल तर खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा.

जातीनुसार फरक पडतो. गडद मरून, जांभळ्या आणि जाड पानांचे प्रकार ऊन जास्त सोसतात, तर पिवळे, पोपटी आणि पांढरट पट्ट्यांचे प्रकार लवकर करपतात. गावही पाहा. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत जे रोप अकरा वाजेपर्यंत मजेत उन्हात असतं, तेच अकोल्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये नऊ वाजता माना टाकतं.

३. कुंडी केवढी आणि माती कशी?

एका रोपाला सहा ते आठ इंची कुंडी पुरते, तळाला भोकं मात्र हवीत. माती हलकी, भुसभुशीत हवी: दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळ खत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि आठ इंची कुंडीला एक लहान मूठ निंबोळी पेंड. काळी माती असेल तर तिचं प्रमाण निम्म्यावर आणा आणि जाड वाळू घाला, नाहीतर पावसात तिचा गोळा होतो. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एक-दोनदा पाणी बदलून धुऊन घ्या. काही विटांत मीठ बरंच असतं आणि कोलियसची बारीक मुळं त्याने दुखावतात.

४. पाणी रोज घालायचं का?

कॅलेंडर पाहून नको, माती पाहून. बोटाचं एक पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत घाला, ओल लागली तर थांबा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओल आहे पण चिखल नाही, ती स्थिती कोलियसला मानवते. उन्हाळ्यात याचा अर्थ बहुधा रोज एकदा, थंडीत दोन-तीन दिवसांनी. बशीत पाणी साठू देऊ नका.

५. खत कोणतं, किती आणि किती दिवसांनी?

थोडं आणि बेताने. कोलियस फळा-फुलांसाठी नाही, पानांसाठी लावलेलं झाड आहे, आणि त्याची भूक टोमॅटो-गुलाबाच्या मानाने फारच कमी असते. क्रमांक ३ प्रमाणे माती बनवली असेल तर पहिला दीड महिना काहीच घालावं लागत नाही. त्यानंतर दोन मार्ग आहेत, त्यातला एक निवडा.

सेंद्रिय मार्ग: दर पाच-सहा आठवड्यांनी आठ इंची कुंडीत मूठभर गांडूळ खत, वरची माती हलकी उकरून, खोडापासून दोन बोटं दूर. वर पाणी. बस्स.

पाण्यात विरघळणारं खत: दुकानात १९:१९:१९ मिळतं. त्यात नायट्रोजन, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) प्रत्येकी १९ टक्के असतं. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, कुंडीला साधारण एक पेला. घरी काटा नसेल तर चहाचा सपाट चमचा सुमारे पाच ग्रॅमचा धरा आणि तो पाच लिटरच्या बादलीत विरघळवा. माती आधी ओली असली पाहिजे, कोरड्या मातीत खताचं पाणी मुळांना भाजतं.

पाकिटावर पिकासाठी जास्त प्रमाण छापलेलं असतं. शेतात पाऊस आणि खोल माती जादा खत वाहून नेते, कुंडीत ते तिथेच साठतं. म्हणून कुंडीसाठी छापील प्रमाण कधीच पूर्ण घेऊ नका.

खत कधी देऊ नये हेही तितकंच महत्त्वाचं. नुकतंच विकत आणलेलं किंवा कुंडी बदललेलं रोप, सुकलेलं रोप, पाणी साचून आजारी पडलेलं रोप आणि थंडीत थबकलेलं रोप यांना खत म्हणजे जादा ओझं. आधी कारण दूर करा, नवी पानं फुटू द्या, मग खत.

६. सेंद्रिय चांगलं की रासायनिक?

मुळं नायट्रोजन घेताना ते कुठून आलं हे ओळखत नाहीत. फरक आहे तो चुकीला किती माफी मिळते यात. गांडूळ खत मूठभर जास्त पडलं तरी सहसा बिघडत नाही, शिवाय माती भुसभुशीत राहते. विरघळणारं खत चमचाभर जास्त झालं तर आठवड्यात पानांच्या कडा जळतात. नव्याने बाग करणाऱ्याला मी गांडूळ खतच सुचवते. निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेल्या रोपाला मात्र विरघळणारं खत लागतंच, कारण कोकोपीटमध्ये अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात.

७. चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण यातलं काय चालेल?

एकेक पाहू. चहाचा चोथा: आपला चहा दुधा-साखरेचा, त्यामुळे चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या आणि बुरशी येणारच. चाळणीत धुऊन, वाळवून चिमूटभर मिसळला तर हरकत नाही. केळीच्या सालीत पालाश असतं, पण साल दोन दिवस भिजवलेल्या पाण्यात ते फार थोडं उतरतं, आणि त्या आंबूस पाण्यावर चिलटं जमतात. टरफलं कुजायला खूप काळ लागतो, त्यातलं कॅल्शियम या हंगामातल्या रोपाला मिळेल ही आशा ठेवू नका. तांदळाचं धुवण ताजं असताना अधूनमधून घातलं तर बिघडत नाही, आंबलेलं नको.

माझं मत स्पष्ट आहे: हे सगळं उत्तम साहित्य आहे, पण कंपोस्टच्या डब्यासाठी. तिथे दोन-तीन महिने कुजू द्या आणि मग क्रमांक ५ मधल्या मूठभर खताच्या जागी ते वापरा.

८. गावाहून युरिया आणि डीएपी आणलंय. चिमूटभर घातलं तर?

नकोच. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतं आणि कुंडीतली चिमूट दिसते त्यापेक्षा फार मोठी असते. पानं भराभर मोठी होतील, पण मऊ, हिरवट आणि मावा या किडीला आमंत्रण देणारी. डीएपीत १८ टक्के नायट्रोजन आणि ४६ टक्के स्फुरद. कोलियसला एवढं स्फुरद कशालाच लागत नाही. दाणा खोडाला चिकटून राहिला तर तिथली साल जळते ते वेगळंच. शेतातलं खत शेतात राहू द्या.

९. आणलं तेव्हा लालभडक होतं, आता पानं हिरवट झालीत. रंग यावा म्हणून कोणतं खत घालू?

रंगासाठी खत नसतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

पानातला लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा आणि हिरवा रंग हरितद्रव्याचा. उजेड चांगला असला की अँथोसायनिन भरपूर तयार होतं. उजेड कमी पडला की झाड आहे त्या उजेडात पोट भरण्यासाठी हरितद्रव्य वाढवतं आणि लाल मागे पडतो. नर्सरीतली जागा उघड्यावर जाळीखाली असते, आपला दिवाणखाना तिच्या मानाने अंधारा. त्यामुळे घरी आणल्यावर रंग उतरणं साहजिक आहे.

आता तुमच्या झाडाला नेमकं काय झालंय ते पाहा. पेरं लांब झाली असतील, रोप खिडकीकडे झुकलं असेल आणि पानं हिरवट असतील, तर उजेड कमी आहे. जागा बदला, पण एकदम उन्हात नेऊ नका, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं सरकवा. वरची, उन्हाकडची पानं पांढरट, धुऊन निघाल्यासारखी असतील तर ऊन जास्त आहे. उजेड पूर्वीचाच असून अलीकडे खत जास्त पडलं असेल आणि पानं मोठी, लुसलुशीत, हिरवी येत असतील, तर नायट्रोजन जास्त झालंय. दोन महिने खत बंद. खत खरोखर कमी पडण्याची खूण वेगळीच असते: खालची जुनी पानं सारखी पिवळी पडतात, नवी पानं लहान येतात आणि वाढ थांबते. तेव्हाच क्रमांक ५ प्रमाणे खत द्या.

जुन्या पानांचा रंग पूर्ण परत येत नाही. बदल नव्या पानांत दिसतो, साधारण दोन-तीन आठवड्यांनी.

१०. शेंडे खुडा असं सगळे सांगतात. नक्की कुठून?

रोप पाच-सहा इंचांचं झालं की वरून पानांची एक-दोन जोड्या खाली या आणि जोडीच्या अगदी वर खोड नखाने खुडा. ज्या जोडीवर खुडलं तिच्या दोन्ही बगलांतून दोन फांद्या फुटतात. त्या चार-पाच इंच वाढल्या की त्याही खुडा. असं दोन-तीनदा केलं की एकाच काडीचं रोप भरगच्च होतं. खत घालून झाड दाट होत नाही, उंच होतं. दाटी शेंडे खुडल्यानेच येते. खुडलेले शेंडे टाकू नका, क्रमांक १८ पाहा.

११. निळसर तुरे आलेत, किती सुंदर! ठेवू का?

ठेवलेत तर पानं लहान होतात, खालून गळतात आणि झाड बी धरण्याच्या मागे लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या आपण वेळच्या वेळी खुडतो, तेच इथे करायचं. तुरा दिसू लागला की खालच्या पानांच्या जोडीपर्यंत काढून टाका. बी हवं असेल तर एकाच फांदीवर राखा. वारंवार तुरे येत असतील तर झाडाला ताण आहे किंवा त्याचं वय झालंय. दुसऱ्या कारणासाठी क्रमांक २२ पाहा.

१२. दुपारी पानं लोळतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. पाणी कमी पडतंय का?

माती ओली असेल तर नाही. कडक उन्हात पानांतून पाणी इतकं उडतं की मुळांना तेवढं पुरवता येत नाही. म्हणून झाड माना टाकतं आणि उतरत्या उन्हात सावरतं. यावर सावली हा उपाय आहे, जादा पाणी नाही. संध्याकाळीही ताठ झालं नाही आणि माती ओलीच असेल तर मात्र मुळं कुजली असण्याची शक्यता आहे. कुंडीतून रोप काढून पाहा. मुळं पांढरी असतील तर ठीक, तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर वाचलेला शेंडा कापून त्याची काडी लावा (क्रमांक १८).

१३. पावसाळ्यात माझं कोलियस दरवर्षी कुजतं. काय करू?

कोकण, मुंबई, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या लोकांची ही खरी अडचण. पाऊस सुरू होण्याआधी कुंड्या छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर आणा. बश्या काढून टाका आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. झाड एकमेकांना चिकटलं की बुरशी पसरते, म्हणून कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि मातीला टेकणारी खालची पानं काढा. पानांखाली करडी लव आणि वर तपकिरी डाग दिसले तर तो केवडा रोग. ती पानं लगेच काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

खत या दिवसांत थांबवा. संततधारेत ते एकतर वाहून जातं, नाहीतर आधीच गुदमरलेल्या मुळांना त्रास देतं. सप्टेंबरच्या उघडिपीनंतर मूठभर गांडूळ खत द्या, ऑक्टोबरमध्ये झाड पुन्हा उसळी घेईल.

१४. थंडीत पानं गळू लागली. मेलं का?

बहुधा नाही. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की कोलियसला त्रास होतो. निफाड, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत हे घडतंच. कुंडी भिंतीलगत किंवा आत घ्या, पाणी सकाळी आणि कमी द्या, खत फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवा. खोड हिरवं असेपर्यंत आशा ठेवा.

१५. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसतोय.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. झाड वेगळं ठेवा. थोडे असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसून काढा. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घोटून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. आधी एका पानावर करून पाहा, कारण काही जातींची पानं नाजूक असतात. दर सात दिवसांनी तीनदा करा, एका फवारणीत अंडी मरत नाहीत. मुंग्यांचाही बंदोबस्त हवा, त्या या किडीला राखतात. आणि नायट्रोजन कमी करा, कारण लुसलुशीत कोंब ही किडीची आवडती जागा.

१६. पानांच्या कडा करपल्यात आणि मातीवर पांढरा थर आलाय.

खताचे किंवा पाण्यातले क्षार साठलेत. वरचा थर खरवडून काढा. मग कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या दोन-तीनपट साधं पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. महिनाभर खत नको. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, ती पानं हवी तर काढा.

१७. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत देऊनही फरक नाही.

बोअरचं पाणी घालता का? जड, चुनखडीच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून खत वाढवून उपयोग होत नाही. पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरून पाहा, मातीत कंपोस्ट वाढवा. फरक नाही पडला तर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या कमीत कमी प्रमाणात द्या. खालच्या जुन्या पानांत शिरांमध्ये पिवळेपणा असेल तर ती मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. तेव्हाच एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरा. एरवी ते महिन्याला ‘टॉनिक’ म्हणून घालू नका.

१८. काडी पाण्यात लावली, मुळं आली. आता लगेच खत?

नको. चार इंचांचा शेंडा, खालची पानं काढून एक पेर पाण्यात बुडेल असा ठेवला की आठवडा-दोन आठवड्यांत मुळं येतात. ती इंचभर झाली की मातीत लावा, फार लांब होऊ दिली तर मातीत रुळायला त्रास होतो. पहिले काही दिवस सावलीत, ओलसर. नवी पानं फुटू लागल्यावर, म्हणजे साधारण महिन्याने, क्रमांक ५ मधल्या प्रमाणाच्या निम्मं खत द्या. तुरा आलेल्या फांदीची काडी घेऊ नका.

१९. बी पेरलं, पण आईसारखे रंग आले नाहीत.

येणारही नाहीत, कारण बियांतून रंगांची सरमिसळ होते. हुबेहूब तेच झाड हवं तर काडीच लावा. बी पेरायचंच असेल तर ते मातीने झाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. आणि पहिल्या दोन पानांवरून रंग ठरवून रोपं उपटू नका, खरा रंग पुढच्या पानांत उतरतो.

२०. एका फांदीला एकदम वेगळाच रंग आलाय. रोग आहे का?

रोग नाही. कोलियसमध्ये एखाद्या कोंबात आपोआप बदल होतो आणि ती फांदी वेगळी दिसू लागते. नव्या जातींपैकी कित्येक अशाच सापडलेल्या आहेत. आवडली तर तिची काडी वेगळी लावा. पूर्ण हिरवी फांदी असेल तर मात्र लगेच तळातून कापा. तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. हा बदल खताने आला नाही, खताने जाणारही नाही.

२१. पानओव्यासारखी याची भजी करता येतात का? आणि घरात मांजर आहे.

भजी पानओव्याचीच करा. शोभेचं कोलियस खायचं नाही, आणि नर्सरीतल्या रोपावर कोणती फवारणी झाली आहे ते आपल्याला माहीत नसतं. कुत्र्या-मांजरांनी पानं खाल्ली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, तेव्हा कुंडी त्यांच्या पोहोचेबाहेर टांगा. खाल्लंच असेल तर पशुवैद्यांना विचारा.

२२. झाड दोन वर्षांचं झालं, खोड लाकडासारखं, पानं फक्त टोकाला. भरपूर खत दिलं तर पुन्हा भरेल?

नाही भरणार. कोलियस बहुवर्षायू असलं तरी त्याची शोभा पहिल्या वर्ष-दीड वर्षाची. म्हाताऱ्या खोडाला खत दिलं की टोकं आणखी लांबतात एवढंच. खोड खालून अजून हिरवं असेल आणि त्यावर बारीक कोंब दिसत असतील तर फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरमध्ये निम्म्यावर छाटून पाहा, छाटणीनंतर कोंब फुटेपर्यंत खत नको. त्याच दिवशी कापलेल्या शेंड्यांच्या चार-पाच काड्या क्रमांक १८ प्रमाणे लावून ठेवा, म्हणजे छाटलेलं झाड फुटलं नाही तरी ती जात हातची जाणार नाही. जुनी माती पुन्हा वापरणार असाल तर आधी पसरून कडक उन्हात वाळवा, मुळं वेचून काढा आणि तिच्यात तिसरा हिस्सा नवं कंपोस्ट मिसळा.